६० सेंमीच्या खाऱ्या टाकीला घरगुती रेफ्युजियम: खाली कपाटात की वर?

देवगडची_टाकी

नमस्कार. आमच्याकडे खाऱ्या पाण्याची लहान टाकी आहे, ६० × ३० × ३६ सेंमी. दगड आणि वाळू सोडून पाणी ५५ लिटरच्या आसपास. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, मशरूम आणि झोअँथिड (दोन्ही मऊ, पोवळ्यासारखे जीव). कडक पोवळं एकही नाही. खारेपणा १.०२५ वर स्थिर असतो, सगळे प्राणी खातात-पितात, पण नायट्रेट ४० च्या खाली उतरत नाही आणि मागच्या दगडावर हिरवं केसाळ शेवाळ वाढतच चाललंय. पाणी नेमाने बदलते, तरी आठवडाभरात आकडा पुन्हा तिथेच.

म्हणून रेफ्युजियम, म्हणजे नायट्रेट खाणारं शेवाळ वाढवायचा टाकीला जोडलेला वेगळा बॉक्स, करायचं ठरवलंय. विचार असा: खालच्या कपाटात ४५ सेंमीचा काचेचा बॉक्स, टाकीच्या काठावर सायफनवाला ओव्हरफ्लो (काठावरून पाणी आपोआप खाली ओढणारी वाकडी नळी) लावून पाणी खाली, आणि पंपाने परत वर. चालती टाकी रिकामी करून भोक पाडायची इच्छा नाही. भीती एकच, पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून कितीदाही जाते.

आणखी दोन प्रश्न. खडकांवर ओहोटीला द्राक्षांच्या घोसासारखं शेवाळ दिसतं, ते आणून लावलं तर? आणि मुलाला मँडरिन मासा हवा आहे. रेफ्युजियममध्ये वाढणाऱ्या कोपेपॉडवर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीवर्गातले जीव) तो जगेल का?

काचकाम_रत्नागिरी

ताई, बॉक्स खाली नको, टाकीपेक्षा उंचावर ठेवा. माझा धंदा काच आणि ॲल्युमिनियमचा, टाक्यांचं वेडही जुनं आहे, आणि आपल्या पट्ट्यात लहान टाकीला मी हाच सल्ला देतो.

कारण लाईट. सायफनच्या ओव्हरफ्लोत लाईट गेल्यावर हवा शिरू शकते. शिरली की लाईट आल्यावर सायफन पुन्हा धरत नाही, पंप मात्र खालचं पाणी वर ढकलत राहतो, आणि ते सगळं टाकीच्या काठावरून घरात येतं. तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही. बॉक्स वर असला की गणित उलटं होतं. टाकीतला लहान पंप पाणी वर चढवतो, ते बॉक्समधून आपल्या भाराने टाकीत परत पडतं. लाईट गेली की भोकाच्या वरचं थोडंसं पाणी तेवढं उतरतं आणि सगळं थांबतं. जुन्या टाकीला हातही लावायचा नाही, भोक फक्त नव्या बॉक्सला. शिवाय कोपेपॉड पंपाच्या पंख्यातून न जाता थेट माशांपुढे येतात.

माप देतो. बॉक्स ४५ × २५ × ३० उंच, ५ मिमी साधी काच. टफन (तापवून कडक केलेली) घेऊ नका, तिला नंतर भोक पडत नाही. २५ च्या बाजूच्या काचेला दुकानातच, जोडायच्या आधी, भोक पाडून घ्या. एक इंची पीव्हीसी टँक कनेक्टर सोबत न्या आणि त्याच्यावरूनच भोकाचं माप द्या. पितळी कनेक्टर अजिबात नको. पितळेत तांबं असतं आणि तांबं कोळंबीला मारतं. सिलिकॉन साधा, व्हिनेगरसारखा वास येणारा. बाथरूमसाठी मिळतो त्यात बुरशीचं औषध असतं, तो टाळा. काचेच्या कडा घासून, स्पिरिटने पुसून मगच जोडा. वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका, आणि पहिलं भरणं गोड्या पाण्याचं, खाली वर्तमानपत्र पसरून एक दिवस-रात्र.

पाण्याची पातळी काठापासून ५ सेंमी खाली राहील अशी ठेवा. म्हणजे बॉक्समध्ये साधारण २८ लिटर. इथे १ सेंमी पाणी म्हणजे १.१ लिटर, तुमच्या टाकीत १ सेंमी म्हणजे १.८ लिटर. लाईट गेल्यावर बॉक्समधून १ सेंमी उतरलं तरी टाकी जेमतेम ६ मिमी चढते. तेवढी जागा काठाशी ठेवली की झालं.

उलटी बाजूही बघा. शेवाळाने भोक तुंबलं तर पंप टाकी उपसत राहील. म्हणून पंपाचं तोंड टाकीच्या पातळीपासून फक्त दीड सेंमी खाली बांधा. तेवढं पाणी, म्हणजे २.७ लिटर, वर गेलं की पंप हवा ओढेल आणि चढवणं थांबेल. बॉक्समध्ये ती वाढ अडीच सेंमीसुद्धा नाही आणि तुमच्याकडे ५ सेंमी मोकळे आहेत. मात्र उडालेलं पाणी रोज गोड्या आरओ पाण्याने भरावं लागेल, नाहीतर पंप उगाच हवा ओढायला लागेल. वर पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड बॉक्सच्या पाण्यात बुडलेलं ठेवू नका. बुडलं तर लाईट गेल्यावर तीच सायफन होते.

वजन भरलेल्या बॉक्सचं: पाणी २९ किलो, काच साडेसहा-सात किलो, वर वाळू-दगड. टाकीच्या काठावर हे ठेवायचं नाही. भिंतीला ब्रॅकेट मारायचा विचार असेल आणि घर चिऱ्याचं असेल तर तोही सोडा. चिऱ्यात रावलप्लग भुसभुशीत होतो. फणसाच्या लाकडाचं दणकट उंच स्टूल उत्तम. लोखंडी अँगल खाऱ्या हवेत आणि खाऱ्या थेंबात किती टिकतो ते तुम्हाला किनाऱ्यावर राहून सांगायला नको.

आत शेवाळ कीटोमॉर्फा लावा, हिरव्या नायलॉन दोऱ्यांचा गुंता दिसतो तो. छंद जोपासणाऱ्या कुणाकडून मूठभर मागवा, शक्यतो त्याच्याच पाण्यात, म्हणजे त्यातले कोपेपॉड फुकट येतात. भोकापुढे प्लास्टिकची जाळी हवीच. प्रवाह संथ, तासाला २००-३०० लिटर पुरे. वर ६५०० केल्विनचा १०-१२ वॅटचा एलईडी. तो रात्री लावा, टाकीचा दिवा बंद झाल्यावर. रात्री प्राण्यांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, तेव्हाच शेवाळ तो खात बसतं. सॉकेट पाण्यापेक्षा उंच, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाही.

आणि हे मनावर घ्या: शेवाळ वाढतं तेव्हा नायट्रेट त्याच्या अंगात जातं, टाकीबाहेर जात नाही. बाहेर जातं ते तुम्ही शेवाळ काढता तेव्हा. बॉक्स भरत आला की अर्धा गुंता काढायचा. न काढता कुजू दिलं तर सगळं परत पाण्यात. सुरुवातीला ४० वरून खाली यायला पाणीबदल चालू ठेवा. पाव पाणी बदललं तर ३० होतं, पुढचं काम शेवाळाचं. खाणंही थोडं कमी करा.

मँडरिन नको. तो दिवसभर कोपेपॉड टिपत असतो, २८ लिटरच्या बॉक्सची पैदास त्याला पुरणार नाही. हळूहळू खंगून मरतो. मुलाला कोळंबीच दाखवा, ती माशाच्या अंगावर चढून साफसफाई करते ते बघण्यासारखं असतं.

चिवला_मालवण

किनाऱ्यावरच्या शेवाळाबद्दल मी सांगतो. ताई, ते घोसासारखं म्हणजे बहुधा कॉलर्पा. नायट्रेट झपाट्याने खातं, खोटं नाही. पण त्याची एक खोड आहे, वेळ आली की एका रात्रीत सगळं बीज पाण्यात सोडून पांढरं पडतं. ५५ लिटरच्या टाकीत तेवढी घाण एकदम सुटली तर मासे तडफडतील. शिवाय खडकावरून आणलेल्या शेवाळात लहान खेकडे आणि किडे येतात, ते झोअँथिड कुरतडतात.

मालवणात तर हे करूच नये. १९८७ पासून इथलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य आहे. आणि दगड घेताना सगळ्यांनीच बघा: कडक पोवळी आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, मेलेला सांगाडासुद्धा. कुणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून पोवळ्याचे तुकडे विकत असेल तर घेऊ नका, सिरॅमिकचे तुकडे बॅक्टेरियाला तेवढेच चालतात.

काढलेलं शेवाळ समुद्रात किंवा खाडीत टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर मत्स्यालयातल्या कॉलर्पाचा लहानसा पट्टा सापडला, पुढे तो भूमध्य समुद्रात मैलोन्‌मैल पसरला. आपल्याकडे मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेल्या कप्पाफायकस शेवाळाने क्रुसदाई बेटाजवळची पोवळी झाकून टाकली. आपल्या खडकांना ते नको.

देवगडची_टाकी

दोघांचेही मनापासून आभार. वरचा बॉक्स पक्का. शेवाळ मागवते. काचकाम दादा, इन्व्हर्टर लहान आहे, त्यावर काय काय घेऊ? आणि मे महिन्यात टाकी ३१ अंशांवर जाते, वर बॉक्स आल्याने आणखी तापेल का?

काचकाम_रत्नागिरी

इन्व्हर्टरवर आधी टाकीतला लाटा करणारा पंप, मग जमलं तर बॉक्सचा. दिवे नकोत, रात्रभर अंधार शेवाळाला सोसतो, प्राणवायू नसणं माशांना सोसत नाही. बॉक्सने पाणी तापत नाही, उघडा पृष्ठभाग वाढल्याने थोडं थंडच होतं. त्यावर लहान पंखा आडवा लावा. मे मध्ये दोन अंश सहज उतरतात. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा पंख्याचा उपयोग कमी, पण गरजही कमी. पंखा चालू असेल तेव्हा पाणी जास्त उडेल, सकाळ-संध्याकाळ पातळी बघा.

चिवला_मालवण

आणि काढलेलं शेवाळ गोड्या पाण्यात खळबळून माडाच्या आळ्यात घाला. माडाला मीठ चालतं.