क्रूझवर खिशातला चाकू नेता येतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या पेनांग-फुकेत क्रूझवर जातोय. बाबांचा व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू कायम त्यांच्या खिशात असतो. प्रवासात सगळ्यांना फळं कापून देणार तेच. मुंबईहून विमानात तो चेक-इन बॅगेत टाकेन. जहाजावर बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत चाकू आहेत, ४ इंचांहून कमी पात्याच्या कात्र्या मात्र चालतात. याचं पातं ३ इंचांच्या आत आहे, तरी अडवतील का? बंदरांचीही धास्ती आहे, कारण फिरून परत चढताना दरवेळी सामान स्कॅन होतं. उतरताना चाकू केबिनमध्येच ठेवावा का? आणि सुरक्षारक्षकांनी काढून घेतलाच, तर शेवटच्या दिवशी नक्की परत मिळतो ना? आजोबांनी दिलेला आहे हो, हरवला तर बाबांना फार लागेल. या मार्गावर कुणी नेला असेल तर कृपया सांगा.