मामेबहिणीला न्यूयॉर्कात जाऊन डिझायनर व्हायचंय, मामांना काय सांगू?

रंकाळाकाठ: माझी मामेबहीण कोल्हापुरात राजारामपुरीत एका बुटिकमध्ये दोन वर्षं कामाला आहे, आरी वर्क (आकडीच्या सुईचं भरतकाम) येतं, ब्लाऊज कटिंग पण येतं. आता म्हणते न्यूयॉर्कला शिकायचं, तिथंच स्वतःचं लेबल काढायचं आणि पैसा आला की इथल्या पोरींना फुकट शिवण शिकवायचं. मामा म्हणतात ब्लाऊज शिवायला अमेरिका कशाला, इथंच लग्नसराईत जेवायला वेळ मिळत नाही. आपल्याकडनं जाऊन कुणी खरंच नाव काढलंय का?

जर्सीकर आत्या: काढलंय की! नईम खान मुंबईचा, घरात भरतकामाचाच धंदा, तिकडं हॉल्स्टन नावाच्या मोठ्या डिझायनरच्या हाताखाली शिकला आणि स्वतःचं लेबल काढलं 2003 मध्ये. 2009 ला मनमोहन सिंगांसाठी व्हाइट हाऊसमध्ये मेजवानी झाली त्यात मिशेल ओबामांचा गाऊन त्याचाच. पण तुमच्या पोरीला प्रबल गुरुंगचं सांगा. काठमांडूत वाढलेला डिझायनर, आई पूर्वी बुटिक चालवायची, दिल्लीच्या निफ्ट या फॅशन कॉलेजात शिकला मग 1999 ला न्यूयॉर्क, तिथलं पार्सन्स डिझाईन कॉलेज, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं दुसऱ्या डिझायनरांकडं नोकरी, डोना कॅरनकडं इंटर्न, मग सिंथिया रॉली, मग बिल ब्लास. स्वतःचं लेबल 2009 ला, तेही ऐन मंदीत. दोन वर्षांत नेपाळमधल्या गरीब पोरांच्या शिक्षणासाठी शिक्षा फाउंडेशन काढलं, 2015 च्या भूकंपात त्यातनंच मदत उभी केली. ही मधली नोकरीची वर्षं कुणी सांगत नाही, सगळे एकदम गाऊनचे फोटोच दाखवतात.

कटिंग मास्तर: 22 वर्षं कटिंग करतोय म्हणून बोलतो. स्केच काढणाऱ्या पोरी लई येतात भावा, मुंढा (बाही जोडतात तो गोल) बसवायला सांगितला की गप. हिला हात आहे म्हणताय तर अर्धं काम झालंय. पण बुटिक बुडतंय ते डिझाईन वाईट म्हणून न्हाई, पैसा अडकतो म्हणून. कापड रोख, अस्तर रोख, कारागिराला शनिवारी हप्ता, आणि गिऱ्हाईक म्हणतंय लग्न उरकलं की देतो. 2019 च्या पुरात व्हीनस कॉर्नरजवळ आमच्या दुकानात पाणी शिरलं, लोकांच्या साड्या भिजल्या, निम्म्या भरून दिल्या. तवा गल्लीतल्या बायकांनी घरी मशीनवर बसून ऑर्डरी पुऱ्या करून दिल्या, आधी त्यांना फॉल-पिको फुकट शिकवलं होतं म्हणून.

जर्सीकर आत्या: मास्तर, इकडंही तेच हो. मोठी दुकानं माल पोचल्यावर महिना-दोन महिन्यांनी पैसे देतात, तोवर कापड, शिलाई, शो सगळं पदरचं.

उद्यमनगरचा पप्पू: न्यूयॉर्क ऱ्हाऊ दे, 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या ब्रँडनं आपलीच कोल्हापुरी चप्पल घालून मॉडेल चालवले आणि आधी नावसुद्धा घेतलं न्हाई, आपण इथं बोंबललो तवा कबूल केलं. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे हे नाव इथल्याच मालाचं असा कायद्याचा शिक्का, 2019 पासनं आहे! पोरगी गेली तर तिला म्हणावं लेबलवर कोल्हापूर लिही, तेवढं दान बास.

रंकाळाकाठ: मामांना सगळं वाचून दाखवलं. गुरुंगची आई बुटिक चालवायची यावर ते थांबले आणि मामीकडं बघितलं, मामी लग्नाआधी शिवायची हे मला आजच कळलं. न्यूयॉर्कचं अजून हो नाही, फी विचारली फक्त. पण पोरींसाठी फुकट शिवणक्लास येत्या रविवारपासनं मामीच्या माडीवर सुरू करतोय, मशिनी दोन आहेत, कुणाकडं तिसरी जुनी पडून असेल तर कळवा, पायाची असली तरी चालेल.