लेन हटसनला २१व्या वर्षी आठ वर्षांचा करार: मॉन्ट्रियलने बरोबर केलं का?

बर्फातला सातारकर

आईस हॉकीवर इथे फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून धागा काढतोय. कॅनडा-अमेरिकेतली मंडळी तरी भांडायला येतील.

नवख्यांसाठी थोडक्यात. लेन हटसन हा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. जन्म फेब्रुवारी २००४, मिशिगनचा. उंची ५ फूट ९ इंच, म्हणजे या लीगमधल्या डिफेन्समनसाठी अगदीच कमी. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे, ६२वा गेला. खुद्द मॉन्ट्रियलनेच त्याच्याआधी तीन पोरं उचलली होती! मग बॉस्टन विद्यापीठात दोन हंगाम, आणि २०२४-२५ या पहिल्या पूर्ण हंगामात ८२ सामने, ६ गोल, ६० असिस्ट (गोलसाठी दिलेले पास). पहिल्याच हंगामात ६० असिस्ट करणारा डिफेन्समन याआधी एकच, १९८०-८१चा लॅरी मर्फी. सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही मिळाली. मॉन्ट्रियलकडे ती १९७२च्या केन ड्रायडननंतर आत्ता आली.

ऑक्टोबर २०२५मध्ये क्लबने त्याला ८ वर्षांसाठी ७ कोटी ८ लाख डॉलर लिहून दिले. वर्षाला ८८.५ लाख, २०२६-२७पासून सुरू.

माझं मत: सौदा उत्तम. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. २०२५-२६मध्ये ती ९ कोटी ५५ लाख, पुढच्या हंगामात १० कोटी ४० लाख, त्यापुढे ११ कोटी ३५ लाख. मर्यादा चढत जाणार, हटसनचा आकडा तिथेच राहणार.

शिवाय मॉन्ट्रियलने याआधी उलटं करून पाहिलंय. जानेवारी २०१३मध्ये पी. के. सुब्बानला मोठा करार नाकारून दोन वर्षांवर बोळवलं, सगळे मिळून ५७.५ लाख. पठ्ठ्याने त्याच हंगामात सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मारली, आणि २०१४मध्ये ८ वर्षांचे ७ कोटी २० लाख मोजावे लागले. तेव्हाची काटकसर महागात पडली.

कोल्हापुरी टोला

सातारकर, आकडे छान मांडलेत, पण सगळे पुढे जाऊन खेळण्याचे. डिफेन्समनला पगार कशाचा देतात? आपल्या गोलसमोर पाय रोवून उभ्या राहिलेल्या गड्याला तिथून हलवण्याचा. ते हटसन करू शकत नाही आणि करणारही नाही, देवाने उंचीच दिली नाही.

२०२५चे प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने, आठवा. वॉशिंग्टनने पाच सामन्यांत घरी पाठवलं. समोर टॉम विल्सनसारखा ६ फूट ४ इंचांचा गडी बोर्डवर (कडेच्या भिंतीवर) रेटायला आला की ५ फूट ९ इंच काय करणार? नेहमीच्या हंगामात रेफ्री शिट्टी वाजवतात, एप्रिलमध्ये तीच शिट्टी खिशात राहते.

आणि २०२६च्या ऑलिंपिकला अमेरिकेने आठ डिफेन्समन नेले. काल्डर विजेता त्यांत नव्हता. निवडणारे काय आंधळे होते?

स्नेहल_बॉस्टन

टोला, त्या पाच सामन्यांत हटसनचे ५ असिस्ट आहेत हे सोयीस्कर विसरलात. मॉन्ट्रियल हरलं ते त्याच्यामुळे नाही.

बीयूकडून (बॉस्टन विद्यापीठाकडून) खेळताना मी त्याला प्रत्यक्ष पाहिलंय. टीव्हीवर त्याचे चकवेच दिसतात, खांद्याने एकीकडे जातो असं दाखवून दुसरीकडे निसटतो वगैरे. स्टँडमधून वेगळंच दिसतं. पक, म्हणजे हॉकीची चकती, आपल्या कोपऱ्यात येतो, दोन जण दाबायला येतात, आणि हा पक हाती लागण्याआधीच मान वळवून मागे बघून घेतो. दुसऱ्या क्षणी पक मधल्या पट्ट्यात पोचलेला असतो. ज्याला अडवायचं तो गडी गोलसमोर उभा राहण्याआधीच खेळ तिकडे सरकतो. माझ्या मते हाच बचाव आहे. ६ फूट ४ इंचांचा डिफेन्समन पक काचेवर आपटून बाहेर मारतो, तो परत येतो, मग पुन्हा चाळीस सेकंद धक्काबुक्की. लोक टाळ्या वाजवतात, "काय झुंजला!" अहो, झुंजायची वेळच का आली?

आपल्याकडे कबड्डीत सगळे कोपरारक्षक धिप्पाड असतात का? चढाईपटूचा पाय कधी पुढे येणार हे ज्याला आधी कळतं तो पकड करतो.

हिशेबनीस

सातारकरांचा मर्यादेचा मुद्दा मान्य. ८८.५ लाख म्हणजे १० कोटी ४० लाखांच्या साडेआठ टक्के, त्यापुढच्या वर्षी आठ टक्क्यांच्या खाली. पण तुम्ही फक्त वठलेली हुंडी दाखवताय. बुडालेल्याही आहेत.

ऑलिव्हर एकमन-लार्सन: आठ वर्षं, दरसाल ८२.५ लाख. करार अर्धाच झाला होता तेव्हा २०२३मध्ये व्हँकुव्हरने पैसे देऊन मोकळं केलं. त्याची झळ व्हँकुव्हरच्या मर्यादेला पुढे कित्येक वर्षं. बफेलोचा ओवेन पॉवर: २०२१चा पहिला ड्राफ्ट, ऑक्टोबर २०२३मध्ये एकाच पूर्ण हंगामाच्या जोरावर सात वर्षं, दरसाल ८३.५ लाख. तेव्हापासून बफेलोचे चाहते कपाळाला हात लावून बसलेत. हटसनलाही एकच पूर्ण हंगाम पाहून दिलंय.

बर्फातला सातारकर

@हिशेबनीस, एकमन-लार्सनचा दाखला इथे लागूच होत नाही. त्याचा तो करार सुरू झाला तेव्हा तो २८ वर्षांचा, संपायचा ३६व्या वर्षी. हटसनचा २२व्या वर्षी सुरू होऊन ३०व्या वर्षी संपतो. डिफेन्समन उशिरा पिकतो, हे तर सगळेच मानतात. म्हणजे मॉन्ट्रियलने त्याची ऐन उमेदीची वर्षं विकत घेतली, उतरणीची नाही.

आणि पॉवरचं उदाहरण काढलंच आहे तर टोलांनी ऐकावं. त्याची उंची ६ फूट ६ इंच. त्याच्यावर मुख्य टीका काय? अंगावर जात नाही!

वऱ्हाडी विनोद

मी ७ कोटी डॉलरचे रुपये करायला कॅल्क्युलेटर काढला आणि नंतर जेवणच गेलं नाही. चालू द्या.

कोल्हापुरी टोला

पॉवरवर निरुत्तर, ते एक सोडतो. पण स्नेहलताई, पक मिळाला तर बाहेर काढेल हो. मिळालाच नाही तर? समोरचा संघ पक घेऊन आपल्या पट्ट्यात मिनिटभर फिरतोय, तेव्हा मान वळवून काय बघणार? पहिल्या हंगामात पेनल्टी किलवर, म्हणजे एक गडी कमी असताना, त्याला फारसं उतरवलंच नाही. प्रशिक्षकालाही माहीत आहे.

स्नेहल_बॉस्टन

तो प्रशिक्षक कोण, तेही सांगा की. मार्टिन सेंट लुई, स्वतः ५ फूट ८ इंच. त्याला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, आणि पुढे २००४मध्ये लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. हटसनला त्याने पहिल्याच वर्षी दर सामन्याला २२ मिनिटांहून जास्त बर्फावर ठेवलं. न झेपणाऱ्याला कोणी इतकी मिनिटं देत नाही. पेनल्टी किल दुसरे करतील, त्यासाठी उंच माणसं स्वस्तात मिळतात. हटसन मिळत नाही.

चार्लीचा बाबा

दोन्ही बाजूंना एक विचारतो. हटसनच्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर डेव्हिड यिरिचेक गेला होता. ६ फूट ४ इंच, सगळ्यांना हवा असतो तसा. कोलंबसने त्याला खालच्या संघात आणि वर असं झुलवलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मिनेसोटाला देऊन टाकलं. हा ६२वा हटसन दोन वर्षं कॉलेजात निवांत खेळला, चुका केल्या, कोणी पेपरात लिहिल्या नाहीत. कोलोरॅडोचा डिफेन्समन केल मकारही तसाच, २०१७ला चौथा ड्राफ्ट होऊन दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थांबला. उंचीपेक्षा पोराला शिजू दिलं की नाही यावर जास्त अवलंबून असावं. माझा मुलगा पी-वीमध्ये (लहान मुलांच्या गटात) डिफेन्स खेळतो, बुटका आहे, म्हणून मी पक्षपाती. ते गृहीत धरा.

हिशेबनीस

बाबा, थांबण्याचं मान्य, पण ते कराराआधीचं. करारानंतरचं बोला. मॉन्ट्रियलने नोहा डॉबसनलाही दरसाल ९५ लाख दिलेत. दोन डिफेन्समन मिळून १ कोटी ८३ लाख ५० हजार, दोघेही पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक गडी कमी असताना, शोभणारे, आणि पॉवर प्लेवर साधारण एकच डिफेन्समन लागतो. म्हणजे एकाच कामाचे दोन पगार. कप्तान सुझुकी वर्षाला ७८.७५ लाखांवर आहे. त्याचा करार २०३०मध्ये संपतो, तेव्हा तो कोणाकडे बोट दाखवून आकडा मागेल?

बर्फातला सातारकर

डॉबसन उजव्या हाताचा, हटसन डाव्या. दोघं एकाच वेळी बर्फावर उतरू शकतात, तेव्हा 'एकाच कामाचे दोन पगार' चुकीचं. सुझुकीचा मुद्दा मात्र जड आहे. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर: तोवर मर्यादा आणखी वाढलेली असेल.

कोल्हापुरी टोला

"वाढलेली असेल" हे बफेलोवालेही म्हणत होते. मला एप्रिल-मेमध्ये सात सामन्यांची एक मालिका दाखवा, शेवटची दोन मिनिटं, एका गोलची आघाडी, आणि सेंट लुई हटसनला बर्फावर पाठवतोय. मग मी ८८.५ लाखांबद्दल तोंड उघडणार नाही.