अनुभव धागा : जोडीने केलेली किनाऱ्यावरची भटकंती

सुरूची_सावली

दिवाळीची आवराआवर चालू आहे, माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. आत बॅटरी, तिच्या काचेवर पतंगाचा लाल कागद रबराने बसवलेला, आणि एक फुगलेली वही. वही उघडली आणि पाऊण तास माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले, खाली दूध ऊतू गेलं.

२००९ चा डिसेंबर. लग्नाला सात महिने झालेले. नवऱ्याला कोकणात केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात कासवांच्या घरट्यांचं सीझनपुरतं काम मिळालं, पगार असा की विचारू नका आणि तोही दोन-दोन महिने उशिरा. मीही निघाले, म्हटलं पुण्यात सासूबाईंबरोबर बसण्यापेक्षा वाळू बरी. पहाटे चारला उठून पुळणीवर चालायचं, ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा दिसला की समजायचं कासवीण येऊन गेली. लाल कागद एवढ्यासाठी की पांढऱ्या उजेडाने ती बिचकते आणि अंडी न घालताच परत फिरते. मग घरटं शोधायचं, अंडी बादलीत काढून कुंपणातल्या खड्ड्यात नेऊन पुरायची, नाहीतर कोल्हे-कुत्री आहेतच.

एकदा बादली माझ्या हातून कलली. हा चार माणसांसमोर ओरडला, "फिरवू नकोस ती अंडी!" बरोबरच होता, घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाला चिकटायला लागतो, नंतर अंडं उलटंपालटं झालं की संपलं. पण ओरडायची काय पद्धत? मी अकरा दिवस बोलले नाही.

तर वहीत रकाने होते, तारीख, घरटं क्रमांक, अंडी, खोली आणि शेवटी शेरा. आमचं त्या अकरा दिवसांतलं सगळं बोलणं शेऱ्यात आहे. "शेरा : कोल्ह्याचे ठसे. रॉकेल संपलं." खाली माझ्या अक्षरात "शेरा : वाळू ओली. ताप उतरला का." त्याखाली त्याचं "शेरा : नाही. क्रोसिन कुठे ठेवलीस." बाराव्या दिवशी न्हाणीघरात साप निघाला म्हणून बोलावं लागलं, ते वेगळं.

त्या कललेल्या बादलीचं घरटं ५३ व्या दिवशी फुटलं. ११८ अंड्यांतली ९१ पिल्लं पाण्यात गेली. त्या ओळीत त्याने लिहिलंय, "शेरा : ९१. बादली नीटच धरली होतीस."

मी हे तेव्हा वाचलंच नव्हतं हो. आत्ता शिडीवर वाचलं.

तुमचे सांगा. जोडी नवरा-बायकोचीच हवी असं काही नाही.

मोरी_मसाला

शेरा : डोळ्यात पाणी. दूध पुन्हा तापवा.

खाडीपलीकडचा

आम्ही तिथलेच, मंडणगड तालुक्यातले. एक सांगतो, राग मानू नका. आमचे आजोबा अंडी काढायचे. काठी वाळूत हळूहळू खुपसत जायचं, जिथे एकदम पोकळ लागेल तिथे खाली घरटं. खायचीही आणि बाजारात विकायचीही, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मग चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी आमच्याकडे वेळास गावाला आली ती समुद्री गरुडांची घरटी बघायला, आणि त्यांना पुळणीवर अंड्यांची टरफलं दिसली. २००२ पासून राखण सुरू झाली, २००६ पासून कासव महोत्सव. तर सांगायचं म्हणजे राखणीला घेतली ती माणसं गावातलीच, आणि घरटं शोधायची काठी तीच! आजोबा पहिल्या वर्षी शिव्या घालत होते, चौथ्या वर्षी पुण्याच्या पाहुण्यांना कासव समजावून सांगत होते आणि आजी त्यांना म्हणायची, अंडी किती खाल्लीत तेही सांगा.

अर्धवट_झोप

आजी 😂😂

विदर्भवासी

आमच्या नागपुरात समुद्र नाही अन् बायकोला पोहता येत नाही, तरी धागा वाचून राहिलो. ती शेऱ्याची कल्पना आजपासून आमच्या फ्रीजवर.

तिसऱ्या_वाटप

आमचं मुंबईतलं, म्हणजे तुमच्यासारखं पुण्यकर्म नाही, नुसती हौस. नवरा बँकेत, मी क्लासेस घेते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळची ओहोटी गाठून हाजीअलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांत जायचं, वाकून वाकून बघायचं. लोकांना वाटतं काहीतरी हरवलंय. एका काकांनी आमच्यासोबत अर्धा तास अंगठी शोधली, शेवटी आम्ही त्यांना समुद्री गोगलगाय दाखवली, नखाएवढी, नारळी पौर्णिमेच्या साडीसारखा रंग. काका म्हणाले, पन्नास वर्षं इथे राहतो पण ही शेजारीण माहीत नव्हती.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, माझ्या सासऱ्यांनी शिकवलेलं सांगते : तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सहा वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा येतं. थोडं पुढेमागे होतं पण भाजी टाकून निघायला पुरेसं.

मोरी_मसाला

वद्य अष्टमी पण आठच धरायची का? पावकीदीडकी पाठ असलेली शेवटची पिढी आम्ही.

तिसऱ्या_वाटप

हो दोन्ही पक्षांत तेच. पोळ्या चालू आहेत, नंतर येते.

मस्कतची_माहेरवाशीण

आम्ही ओमानला असताना रास अल जिंझला गेलो होतो, तिथे हिरवी कासवं येतात, आपल्या ऑलिव्ह रिडलेपेक्षा कितीतरी मोठी, वाळू उडवताना अंगावर येते. रात्री गाईडबरोबरच सोडतात, फोटो नाही, बोलायचं नाही. आणि माझ्या नवऱ्याला नेमकी तेव्हा शिंक. एक नाही, सलग सात. गाईडने ज्या नजरेने बघितलं ती मी आजही घरात वापरते.

कुरव

आम्ही दोघं दर थंडीत गुहागरला आणि हर्णैला पक्षी मोजायला जायचो. कुरव, सुरय, लाटेच्या पुढेमागे पळणारे ते छोटे चिखले. हर्णैच्या लिलावात माणसांचा आणि कुरवांचा गलका एकत्र, तिथे मोजणं म्हणजे भांडणच. हे दुर्बिणीतून आकडा सांगायचे आणि मी लिहायचे. मोठा थवा उठला की हे शंभराचा अंदाज घेऊन पुढे जायचे आणि मी म्हणायचे, एकशेवीस तरी असतील. तीन वर्षं झाली ते नाहीत. गेल्या जानेवारीत एकटीच गेले. दुर्बीण आणि पेन्सिल दोन्ही एका हाताला जमत नाही. मग फोनवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन ऐकलं तर मीच "शंभर" म्हणतेय आणि मीच "नाही, एकशेवीस".

सुरूची_सावली

कुरवताई, या जानेवारीत सांगा. मी लिहायला येते. खरंच.

खाडीपलीकडचा

हर्णैला आमच्या बहिणीचं घर आहे, उतरायची चिंता करू नका.

कुरव

बघू. गुडघे काय म्हणतात त्यावर.

जाळंवाला_जावई

जोडी म्हणजे मी आणि सासरा चालेल का. सासरे मालवणचे, होडीवर मला घेऊन गेले पावशी मारायला शिकवतो म्हणून, दोन तासांत मी तीनदा ओकलो. जाळ्यात कासव आलेलं. मी म्हटलं आता काय, तर सासऱ्यांनी सुरी काढली आणि सरळ नवं जाळं कापलं. म्हणाले, "देव तो." मग मी शहाणपणा केला की सरकार जाळ्याची भरपाई देतं, २५ हजारांपर्यंत, फोटो काढायला हवा. तोपर्यंत कासव गेलेलं. सासरे म्हणाले, "तुजो फोटो काढतंय, ओकतानाचो."

अर्धवट_झोप

पावशी मारणं म्हणजे काय?

जाळंवाला_जावई

मलाही अजून नीट कळलेलं नाही, मी ओकत होतो.

पोस्टकार्ड

निसर्ग वादळ आठवतं का कुणाला, ३ जून २०२०. आंजर्ल्या-केळशीची सुरूची झाडं आडवी झाली. आम्ही लग्नाआधी ज्या सुरूखाली बसायचो (मोजणीच्या नावाखाली, दोघेही कॉलेजच्या निसर्ग मंडळात) ते गेलं. बायको म्हणते बरं झालं पुरावा गेला.

सुरूची_सावली

आमचा तंबू त्याच सुरूत होता :(

आणि हो, ज्याच्यामुळे नवरा सगळ्यात जास्त खूश आहे ते सांगायचं राहिलं. २०२१ ला ओडिशात टॅग लावलेली कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली ना. आमच्या वेळी आम्ही समजायचो पूर्वेकडच्या वेगळ्या, आपल्या वेगळ्या. त्याने बातमी वाचून रात्री साडेअकराला मला उठवलं. आणि त्याआधी २०२३ ची बागेश्री, गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली, ती थेट श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात. मी म्हटलं बाई माहेर-सासर करतेय, झोप.

मस्कतची_माहेरवाशीण

कुणाचं माहेर कुठे ते टॅगवाल्यांना कळलं तर मलाही सांगा.

अर्धवट_झोप

मार्चमध्ये वेळासला जायचंय, बरोबर आई ७४ वर्षांची. चालणं जास्त आहे का? आणि श्रीवर्धनहून येणार, फेरीने गाडी जाते ना?

खाडीपलीकडचा

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट, गाडी चढते. गावातून पुळणीपर्यंत चालावं लागतं, आईंना सावकाश जमेल, काठी घ्या. पिल्लं सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, टोपली उचलल्यावर खाली असली तर. नसली तर नसली, कासवांना तुमचं बुकिंग माहीत नसतं. जेवण आधी सांगून ठेवा, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच.

अर्धवट_झोप

टोपली कसली?

सुरूची_सावली

घरटं फुटायचे दिवस आले की खड्ड्यावर उपडी टोपली घालतात, पिल्लं रात्री वर आली तरी तिथेच राहतात, कावळ्यांना मिळत नाहीत. आणि फ्लॅश नको, पिल्लं उजेडाकडे वळतात. दोरीच्या अलीकडेच थांबा, पुढे वाळूत पिल्लू असलं तर पायाखाली दिसतही नाही.

खाडीपलीकडचा

आणि चपला काढून वाळूत ठेवू नका. कुत्री नेतात. गेल्या वर्षी एका साहेबांचा एकच बूट नेला, तो अजून आमच्या पडवीत आहे, आठ नंबर, डावा. कुणाचा असेल तर कळवा.