मदत हवी आहे: स्कॉटलंडचं बेट आणि सासूबाईंचं मूळ गाव

सायली_मेलबर्न: जूनमध्ये सासूबाईंना त्यांच्या पूर्वजांच्या बेटावर न्यायचंय. विमानाची तिकिटं काढली, पुढचं काहीच कळत नाहीये. होडी कुठून? जुन्या नोंदी कुठे बघायच्या? नवरा म्हणतो, "गेल्यावर बघू." लवकर सांगा प्लीज.

दगडफूल: ताई, बेट कोणतं? तिकडे शेकड्यांनी आहेत.

कोकण्या: व्हिसाचं आधी बघा.

सायली_मेलबर्न: व्हिसाचं विचारलंच नाहीये हो! ऑस्ट्रेलियन पासपोर्ट आहेत. बेट उल्वा.

दगडफूल: मग ओबन बंदरातून कॅलमॅक कंपनीच्या बोटीने मल बेटावर (हसू नका, नावच तसं आहे). पाऊण तास. गाडी नेणार असाल तर बुकिंग आजच करा. पुढे एकेरी रस्त्याने 'उल्वा फेरी'च्या धक्क्यावर. तिथे पांढरी फळी सरकवायची, खालचा लाल चौकोन दिसला की पलीकडून होडीवाला येतो. आम्ही गेलो तेव्हा शनिवारी होडी नव्हती, वार बघून जा. तुमची गाडी अलीकडेच राहील.

बंड्या_पेठ: आधी डीएनए टेस्ट करा. सगळं निघतं.

जुनी_दप्तरं: डीएनएत गाव लिहिलेलं नसतं, बंडोपंत. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५५ पासून, त्याआधी चर्चच्या वह्या. 'स्कॉटलंड्सपीपल'वर घरबसल्या बघता येतं. सायली, आडनाव? कधी निघाले?

सायली_मेलबर्न: मॅक्वारी. १८५३च्या आसपास म्हणतात.

जुनी_दप्तरं: हे आधी सांगायचं ना! १८४६मध्ये बटाट्यावर रोग पडला, उल्व्याच्या मालकाने, क्लार्कने, मेंढ्यांसाठी कुळं हुसकली. १८५२ ते ५७मध्ये एका स्थलांतर संस्थेने हायलँड आणि बेटांवरची जवळजवळ ५००० माणसं ऑस्ट्रेलियाला धाडली. त्या जहाजांच्या याद्या एडिंबराच्या सरकारी दप्तरात आहेत. स्पेलिंग तीन-चार प्रकारे शोधा.

कोकण्या: आमच्या वाडीतही कुलूपंच आहेत. मेंढ्या नाहीत एवढंच.

गिरगावकर: ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी उल्व्याचाच! १७९३मध्ये मुंबईत जेन जार्व्हिसशी लग्न केलं. ती १७९६मध्ये मकावला वारली, पण पुरली मुंबईतच.

सायली_मेलबर्न: सासूबाई तेच म्हणतात, आपण त्याच घराण्यातले!

जुनी_दप्तरं: सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद का? कागद बघा आधी.

सायली_मेलबर्न: बघते. बेटावरच्या ऑर्मेग गावाच्या पडक्या घरांपर्यंत त्यांना चालवेल ना? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय मार्चमध्ये.

दगडफूल: अहो!! हे आत्ता सांगताय? वाट खडबडीत आहे. धक्क्याजवळचं 'शीलाज कॉटेज' नावाचं गवती छपराचं घर दाखवा, ऑर्मेगला तुम्ही दोघं जाऊन फोटो काढून आणा.

बंड्या_पेठ: आणि ओडोमॉस न्या. जूनमध्ये चिलटं फोडून काढतात.