रात्री दोन वाजता निर्णय कोणाचा?

महापे येथील कारखान्याच्या संगणकांवर सायबर हल्ल्यांबाबत लक्ष ठेवणाऱ्या बाहेरच्या सेवेसाठी तीन दरपत्रके आली आहेत; त्यांतून निवड करताना मासिक खर्चालाच पहिले स्थान द्यावे, हे मत मला पटत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांत नमूद केलेली सायबर घटना निदर्शनास आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (संगणक प्रणालीतील घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. म्हणून रात्री दोन वाजता इशारा आल्यावर बाधित संगणक नेटवर्कपासून तोडण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याच्या माणसाला आहे, की तो ईमेल पाठवून मोकळा होतो, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. (वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात शनिवारी रात्रीचा असा ईमेल सोमवारी उघडला गेला.) करार संपल्यावर लॉग कोणाच्या ताब्यात राहतील, हेही आताच विचारावे.