अद्भुत, विज्ञान, भय : हा नाद तुम्हाला कधी लागला?

उंबरठा :
काल रात्री वादळी पावसात आमच्याकडची वीज गेली, थोड्या वेळानं इन्व्हर्टरही बसला. सहावीतली भाची सुट्टीला आलीये. सगळ्यांचे मोबाईल मान टाकून पडल्यावर म्हणाली, "आत्या, तुला भुताची गोष्ट येते का गं?"

येते का म्हणजे काय! भयकथावाल्या नारायण धारपांची एक समर्थकथा (समर्थ म्हणजे त्यांचा भुताखेतांशी लढणारा नायक) आठवेल तशी सांगितली. दिवे आले तरी बया उठेना, म्हणे पंखा बंद कर, आवाजानं ऐकू येत नाही. ती झोपली आणि मग माझीच झोप उडाली.

आमच्या गावच्या वाचनालयात धारपांची पुस्तकं खाकी कव्हरात असायची. मागच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे शिक्के एकावर एक, तारीख वाचता यायची नाही. एका पुस्तकात कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "पुढचं रात्री वाचू नये." मी ते रात्रीच वाचलं. धारपांकडे भूत साखळ्या खळखळवत येत नाही. साधं बिऱ्हाड असतं, नोकरदार माणूस, भाड्यानं घेतलेली स्वस्तातली जागा. तीन-चार पानं सगळं सुरळीत चालतं, मग एका वाक्यात काहीतरी किंचित चुकतं. ते चुकलेलं वाक्य हेरायला मी त्या वयात शिकले. आणि मग समर्थ येणार, त्यांचा साथीदार अप्पा जोशी सोबत असणार, हा केवढा आधार!

हे वेड वयानुसार सुटतं असं लोक म्हणतात. माझं सुटलं नाही, सुटावं असं वाटतही नाही. भूत, राक्षस, यान, परग्रह, काहीही चालेल. नुसती पुस्तकांची यादी नको, तुमचं काय झालं ते लिहा.

झोटिंगभाऊ :
समर्थ!!! बास, आता आज ऑफिसात काम होत नाही.

पावणेबारा :
आमच्याकडे घरी हे वाचायला बंदी होती. म्हणून वाचनालयातच उभ्यानं वाचायचो. ग्रंथपाल काका बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि बंद करायची वेळ झाली की पुस्तक न विचारता टेबलाच्या खणात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पान मुडपलेलं तसंच मिळायचं. देवमाणूस.

कांदेपोहे_ठाणे :
उंबरठा, इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा? आमचाही हल्ली तासाभरात बसतो.

उंबरठा :
अगं बॅटरीत पाणी घालायचं राहिलं असेल, बघ. हे म्हणाले डिस्टिल्डच घाल.

तिठा :
मालवणकडचा मी. पुस्तकं नंतर आली, आधी दशावतार. जत्रेला देवळासमोर, पालखी झाली की सुरू, ते पार उजाडेपर्यंत. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, शारदा, ब्रह्मदेव आणि मग वेद पळवणारा संकासूर. काळा झगा, काळं तोंड. तो आला की आम्ही पोरं आजीच्या लुगड्याआड. आणि तोच संकासूर मालवणीत असं काय बोलायचा की आडोशातून हसायला यायचं. विष्णूच्या हातून तो मेला की मला वाईट वाटायचं.

नंतर रंगपटात डोकावलो तर राजा आणि राक्षस एकाच आरशात बघून रंग पुसत होते, मधे चहाची किटली. त्यामुळे काही कमी झालं नाही हो. पुढच्या जत्रेला परत तितकाच घाबरलो.

मांडवीकाठ :
तिठा, आमच्या गोव्यात देवचार. तो भूत नाही, राखणदार. आजोबा रात्री शेतावरून येताना बिडी ओढून झाली की एक बिडी बांधावर ठेवून यायचे, त्याच्यासाठी. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहायच्या, का तर तो रात्रभर गावाच्या सीमेवर फिरतो आणि वहाणा झिजतात. पुढे मी परदेशी फँटसी पुष्कळ वाचली, पण झिजलेल्या वहाणांसारखा तपशील मला तिथे फारसा भेटला नाही. देव आहे आणि त्याला चप्पल लागते!

तिठा :
आमच्याकडेही तसंच. कोकणात रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नको, हे मी मुंबईत चौदाव्या मजल्यावर अजून पाळतो.

झोटिंगभाऊ :
कुरिअरवाला परत जात असेल की 😄

आकाशकंदील :
मी विज्ञानकथावाली. सुरुवात अर्थात जयंत विष्णू नारळीकर. १९७४ सालची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी सांगते कारण मला ती सांगायला फार आवडते. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. आपल्या नावाचा दबाव नको म्हणून सरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. अक्षर ओळखीचं निघायला नको म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. कथा 'कृष्णविवर', पहिलं बक्षीस. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ, आणि मराठी कथेच्या स्पर्धेत अनोळखी होऊन रांगेत उभा! विज्ञानकथेला कुणी 'पोरांचं वाचन' म्हटलं की मी हीच गोष्ट काढते.

ते मुलांना नुसती सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न विचारून पाठव म्हणायचे, उत्तराखाली सही यायची. माझ्या मोठ्या भावाकडे तसं एक कार्ड आहे. प्रश्न होता, कृष्णविवरात प्रकाश जातो तर तो पुढे कुठे जातो. वहिनी कपाट आवरायला काढते तेव्हा दादा ते कार्ड आधी खिशात घालतो. २० मे २०२५ ला सर गेल्याची बातमी आली, त्या दिवशी दादानं फोन केला आणि बराच वेळ आम्ही दोघंही काहीच बोललो नाही.

उंबरठा :
आकाशकंदील, अंगावर काटा आला.

चष्मिष :
माझं उलटं झालं. बाबांच्या बदल्या, शाळा सगळी केंद्रीय विद्यालयात. अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात नारळीकरांचा एक धडा होता, प्रोफेसर गायतोंडे, पानिपत मराठे जिंकलेत, मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी नांदतेय. वर्गात मी एकटीच मराठी. विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही, हे वाचताना छातीत धडधडत होतं. बाकी पोरं खिडकीबाहेर बघत होती. त्यांच्यासाठी तो धडा, माझ्या घरात १७६१ म्हणजे अजून सुतक. आज्जी 'पानिपत झालं' हे दूध उतू गेलं तरी म्हणायची.

मग कळलं की मूळ मराठीत आहे, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. सुट्टीत पुण्याला मामाकडे मिळालं. मराठी नीट वाचता येत नव्हतं, बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मी मराठी वाचायला लागले ती या कथेमुळे. आज हे सगळं देवनागरीत टाईप करतेय ते त्यामुळेच.

पावणेबारा :
क्या बात है चष्मिष. आणि ती डाव्या हातानं बोलिंग टाकायला लागलेल्या क्रिकेटपटूची? 'उजव्या सोंडेचा गणपती'? ती वाचून आम्ही कागदाच्या पट्टीला पीळ देऊन टोकं चिकटवायचो आणि मधोमध पेन्सिल फिरवत बसायचो, दोन्ही बाजूंना रेघ येते का बघायला.

आकाशकंदील :
येतेच!! मोबियसची पट्टी. आता ती मधोमध रेघेवरून काप. मुलांना करून दाखव, कथा न सांगता.

रातपाळी_नागपूर :
नर्स आहे. रात्रीची ड्युटी, दोन ते चारच्या मधात वॉर्ड शांत असतो तेव्हा मी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचते. सोबतच्या पोरी म्हणतात ताई तुम्हाले भेव नाही लागत का. लागते ना. पण मतकरींच्या कथेत भूत कमी अन् माणूस जास्त. कोणाच्या तरी मनात काहीतरी सडून राहिलं असते, तेच बाहेर येते. वॉर्डात बसून वाचलं का पटते. नातेवाईक कसे वागतात ते मी रोज पाहते.

एवढं लिहिणारा माणूस कितीतरी वर्षं बँकेत नोकरी करत होता, मुलांची नाटकंही करत होता. मे २०२० मध्ये कोरोनानं गेले. तेव्हा आमच्या डोळ्याले डोळा लागत नव्हता, बातमी वाचायलेही दोन दिवस लागले. ड्युटी संपल्यावर गाडीत बसून रडली.

कांदेपोहे_ठाणे :
ताई, तुम्हा सगळ्यांना नमस्कार. ते दिवस आठववत नाहीत बाई.

मीठभाकर :
मुलांच्या नाटकावरून, मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'! प्रभावळकरांची चेटकीण मी लहानपणी बघितली. २०१८ मध्ये वैभव मांगलेंची चिंची आली तेव्हा मुलाला घेऊन गेले. चेटकीण आल्या आल्या भोकाड. मी म्हटलं चल बाहेर जाऊ, तर रडत रडत "नाही जायचं". मध्यंतरात वडा खाल्ला आणि दुसऱ्या अंकाला स्वतःच पुढच्या रांगेत जाऊन बसला. माझा मुलगा 'आपल्यातला' आहे हे तेव्हा कळलं.

झोटिंगभाऊ :
मध्यंतरातला वडा हे वेगळ्या धाग्याचं काम आहे.

पाटावरवंटा :
इंद्रजाल कॉमिक्स कुणालाच आठवत नाही? वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम! कवटीची गुहा, खोपडीची अंगठी, ठोसा बसला की जबड्यावर खूण. शिवाय जादूगार मँड्रेक आणि लोथार. मुंबईहून गाडीनं गावी जाताना स्टेशनच्या स्टॉलवर वडील एक घेऊन द्यायचे, कसारा यायच्या आत संपायचं, मग डब्यातल्या दुसऱ्या पोराशी अदलाबदल. परत सहसा मिळायचं नाही.

गंमत बघा, विक्रमाच्या खांद्यावरचाही वेताळ आणि गुहेतलाही वेताळ. मला बरीच वर्षं तो एकच वाटायचा. मी मनात गोष्ट जुळवली होती की झाडावरून सुटून तो आफ्रिकेत गेला.

मीठभाकर :
चांदोबातली ती चित्रं! विक्रम स्मशानात, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे कवट्या. शंकर नावाच्या चित्रकाराची. अंक मद्रासहून यायचा, पोस्टमन दिसला की आम्ही बहिणी फाटकापर्यंत पळायचो. जिच्या हाती लागेल ती आधी वाचणार.

म्युनिकची_मैना :
इथे हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार पडायला लागतो. मराठी ई-पुस्तकं आहेत म्हणून निभतं. बर्फ पडत असताना धारपांचा पुण्यातला वाडा वाचणं, आई गं. जर्मन नवरा विचारतो काय आहे त्यात. सांगायला जाते तर अर्ध्यात तोच म्हणतो थांब, दिवा लाव.

तुंबाड सिनेमा त्याच्यासोबत पाहिला. त्यातली आजी धारपांच्या ज्या 'आजी' कथेवरून आली ती गोष्ट सांगितली तर म्हणाला ही तर स्टीफन किंगची.

पावणेबारा :
बरोबर बोलला तो, 'ग्रॅमा' नावाची कथा आहे किंगची. धारपांनी बाहेरून बरंच घेतलं, 'लुचाई' कादंबरीसुद्धा. मला पूर्वी हे खटकायचं. आता वाटतं, गावातल्या पोराला इंग्रजी येत नव्हतं, मिळतही नव्हतं. त्याच्यापर्यंत ते कुणी आणलं? आणि नुसतं आणलं नाही, माजघरात आणून बसवलं.

आकाशकंदील :
मूळ लेखकाचा उल्लेख हवा होता असं माझं ठाम मत आहे. प्रेम आहे तरी.

पावणेबारा :
ते मान्य. उल्लेख हवाच होता.

दवबिंदू :
नेहमी वाचनमात्र असते, आज लिहितेय. माझे बाबा धारप वाचायचे. आम्हाला "लहान आहात" म्हणून कपाटाला कुलूप. गेल्या वर्षी बाबा गेले. कपाट उघडलं तर प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर त्यांची सही, विकत घेतल्याची तारीख आणि गावाचं नाव. मिरज, सोलापूर, परभणी, जिथे जिथे बदली झाली तिथलं. 'ऐसी रत्ने मेळवीन' या पुस्तकावर माझ्या जन्माची तारीख आहे. आई दवाखान्यात होती आणि बाबा बाहेर बाकावर हे वाचत होते म्हणे. मी अजून ते उघडून पुढे वाचलेलं नाही.

उंबरठा :
दवबिंदू, वाच गं. हवं तर आपण दोघी एकाच रात्री सुरू करू, मधे मधे इथे लिहीत राहू.

रातपाळी_नागपूर :
मलेही सांगा कधी. बुधवारी रात्रपाळी आहे.

दवबिंदू :
बुधवार चालेल. नऊ वाजता?

मीठभाकर :
मुलगा आता मोठा झालाय, चौदाचा. नारळीकर वाचून झाले. पुढे काय देऊ? इंग्रजी नको, ते तो स्वतः आणतो.

आकाशकंदील :
लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, बाळ फोंडके. जावडेकर आधी दे. आणि दिवाळीत धनंजयचा अंक घे, गूढ-विज्ञान सगळं एकत्र मिळतं.

पाटावरवंटा :
जुने धनंजय माझ्याकडे गठ्ठ्यानं आहेत, ठाण्यात कुणी असेल तर घेऊन जा. वाळवी लागायच्या आत.

कांदेपोहे_ठाणे :
मी येते! नौपाड्यात की घोडबंदरला?